फटफटीवरचा हात

मनसारामाच्या अंगणात फटफटी सुरू झाली तेव्हा सगळी आरमोरी ती बघायला लोटली, आणि त्याच फटफटीपायी त्याची बायको घर सोडून गेली. आता याला काय म्हणावं? बायकोच्या सुखासाठी जिवाचा आटापिटा करून माणसानं एक वस्तू घरात आणावी आणि त्याच वस्तूनं बायकोला घराबाहेर काढावं, हे असलं नशीब मनसारामाचंच. दुसऱ्या कोणाला मिळालं असतं तर त्यानं देवाशी भांडण काढलं असतं. मनसारामाला भांडताही येत नव्हतं, तिथंच तर सगळं अडलं.

मनसाराम ढिवराच्या घरचा. बापानं तलावात जाळं टाकण्यात हयात घालवली. मनसारामाचं मन मात्र जाळ्यात कधी रमलं नाही. गुणवंतराव ठेकेदार जंगलातलं लाकूड तोडून वडशाच्या स्टेशनावर पाठवायचे, त्यांच्या ट्रकवर तो आधी क्लीनर होता आणि मग ड्रायव्हर झाला. फटफटी त्या ठेकेदारांचीच. लढाई संपल्यावर फौजेचं सामान लिलावात निघालं होतं, त्यात त्यांनी ती हौसेनं घेतली होती. पुढं जीप आली आणि फटफटी लाकडाच्या आडव्या ओंडक्यांमागं पडली ती पडलीच. एकदा मनसाराम तिच्याभोवती घुटमळताना दिसला तेव्हा ठेकेदार म्हणाले, घेऊन जा बाबा, नाहीतरी तिच्यावर कोंबड्याच बसतात.

मनसारामानं ती पोत्यांनी झाकून ढकलत ढकलत घरी आणली. सगळा पावसाळा तो तिच्याशी झटत होता. पोत्यावर एकेक पुर्जा मांडायचा, घासायचा, परत बसवायचा. त्याची बायको गिरजा शेजारी बसून कंदील धरायची नाही की काही विचारायची नाही, कारण तिनं ती फटफटी पाहिलीच नव्हती. फटफटी पोत्यांखाली झाकलेली असायची आणि मनसारामानं तिला सांगितलं होतं, जवळ येऊ नको, तयार झाली की दाखवतो. त्याच्या डोक्यात एकच चित्र होतं. गिरजाचं माहेर कुरखेड्याला. खाचरानं, म्हणजे छोट्या बैलगाडीनं, जायचं तर सगळा दिवस मोडायचा, म्हणून म्हाताऱ्या बापाला ती वर्षातून एखाद्या वेळी भेटायची. आता सकाळी निघायचं, गिरजाला मागं बसवायचं, वैरागडावरून थेट कुरखेडा, सासऱ्याच्या हातचा चहा, दुपारचं जेवण, आणि दिवे लागायच्या आत परत आपल्या अंगणात. एवढंच. यापेक्षा मोठं स्वप्न त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.

ज्या दिवशी फटफटी सुरू झाली त्या दिवशी त्यानं पोती ओढून काढली आणि गिरजाला हाक मारली. गिरजा पदराला हात पुसत दारात आली, फटफटीकडे पाहिलं आणि तिथंच उंबरठ्यावर बसली.

फटफटी हिरवी होती. पळसाच्या पानाचा हिरवा नव्हे, धानाच्या बांधीचाही नव्हे. मातीत कालवल्यासारखा तो फौजेचा मळकट हिरवा.

गिरजाचा एकच भाऊ, झिंगू. लढाईच्या दिवसांत कुरखेड्याला भरतीवाले आले आणि झिंगू त्यांच्याबरोबर गेला. एकदा सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या अंगावर हाच रंग होता. परत जायला लॉरी आली, तिचाही हाच रंग. लॉरीत पोरं खचाखच भरलेली, झिंगू त्यात कुठं दिसेना. लॉरी हलली तेव्हा मागच्या फळीवरून एक हात तेवढा वर आला आणि वळणापर्यंत हलत राहिला. तो झिंगूचाच, असं गिरजा म्हणायची. बाकीच्यांना तो कोणाचाही वाटला असता. त्यानंतर झिंगू कुठल्याशा ब्रह्मदेशाच्या रानात गेला एवढं कळलं, आणि पुढं काही कळलंच नाही. लढाई संपली, गेलेले आले, जे मेले त्यांच्या घरी तसा निरोप आला. झिंगू आला नाही आणि त्याचा निरोपही आला नाही.

दर भाऊबीजेला गिरजा ताट करायची. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, सगळं. भाऊ नसलेल्या बाया चंद्राला ओवाळतात, तसं कर, असं तिला सगळ्यांनी सांगून पाहिलं. ती ऐकायची नाही. चंद्राला ओवाळलं म्हणजे झिंगू नाही असं आपल्याच तोंडानं म्हटल्यासारखं होतं, असं तिचं म्हणणं. मग निरांजनातलं तेल संपेपर्यंत ती ताटाजवळ बसून राहायची आणि ज्योत विझली की ताट उचलून आत ठेवायची.

तर ती उंबरठ्यावर बसली ती उठेना. दोन दिवस तिनं नीट जेवण केलं नाही. फटफटी अंगणात समोरच उभी, दार उघडलं की तोच रंग. मनसारामाची आई गोकुळा तोंडाची तिखट बाई. मासोळीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन बाजारात ओरडून ओरडून तिचा आवाजही तसाच झालेला. पोरानं पावसाळाभर केलेल्या मेहनतीवर सून असं पाणी फिरवते हे तिला सोसेना. ती बोलून गेली, "मेलेल्याची वाट किती दिस पाहाशीन वं?"

गिरजानं वर पाहिलं. दहा वर्षांत ‘मेला’ हा शब्द तिच्यासमोर कोणी काढला नव्हता. तिनं लुगडं गाठोड्यात बांधलं आणि कुरखेड्याला जाणाऱ्या एका खाचरात जाऊन बसली. मनसाराम मागं धावला तेव्हा ती त्याला एवढंच म्हणाली की हा रंग दारात आहे तोवर मला त्या दारात उभं राहता येणार नाही.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? दुसऱ्या दिवशी फटफटी ठेकेदाराच्या ओंडक्यांमागं नेऊन टाकली असती. पण मनसारामाला तीही सोडवेना आणि गिरजाही सोडवेना. तो महिनाभर चरफडत राहिला आणि मग गिरजाला आणायला कुरखेड्याला गेला. कशावर गेला? त्याच हिरव्या फटफटीवर. धन्य तो माणूस. त्याला वाटलं, एकदा बसून पाहील तर राग जाईल. आवाज ऐकून अख्खी वस्ती गोळा झाली आणि गिरजानं आतून कडी लावली. पुढच्या वेळी तो खाचरानं गेला. तेव्हा ती दाराआडून बोलली, पण विचारलं एकच, फटफटीचा रंग तोच आहे का? तोच आहे म्हटल्यावर दाराआड कोणी राहिलं नाही.

असं करता करता वर्ष फिरून परत दिवाळीच्या तोंडाशी आलं. ते वर्ष मनसारामानं कसं काढलं ते त्याचं त्याला ठाऊक. ट्रक चालवताना तो शेजारच्या रिकाम्या जागेशी बोलायचा. जेवायला बसला की पाट मांडताना हात दुसऱ्या पाटाकडे जायचा. गोकुळाला हे सगळं दिसायचं. ती पोराशी मासोळीच्या, बाजाराच्या गोष्टी बोलायची, सुनेचं नाव मात्र काढायची नाही. तिला स्वतःचा शब्द टोचत होता, पण शब्द परत कसा घ्यायचा हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

मग कुरखेड्याहून सासऱ्याचा निरोप आला. मुखरू म्हातारा तसा भला माणूस. बाजाराला आलेल्या एका ढिवराच्या तोंडी त्यानं सांगून पाठवलं की पोरगी काही बोलत नाही आणि तुम्ही काही करत नाही, भाऊबीजेनंतर आमच्याकडे मंडईची जत्रा भरते, तिथं जातीचे पंच बसतात, तोवर न्यायची तर घेऊन जा, नाहीतर पंचांसमोर फारकत करून टाकू. एका घरच्या लोकांनी तिच्यासाठी विचारणाही केली आहे.

फारकत हा शब्द मनसारामानं दुसऱ्यांच्या घराबद्दल कितीदा ऐकला होता. आपल्या घरात तो किती थंड वाटतो हे त्याला आता कळलं. आणि त्याच दिवशी त्याला ते सुचलं जे वर्षभर आधी सुचायला पाहिजे होतं. रंग नको ना? मग रंगच बदलू.

त्याचा एक दोस्त होता नथ्थू. तो मलेरियाच्या खात्यात घरोघरी पांढरी दवा फवारायचा. ब्रशानं रंग दिला तर रेघा उठतात आणि फटफटी बैलाच्या शिंगासारखी दिसते, असं नथ्थूचं मत पडलं. दवा मारतो त्या हातपंपानं रंग मारला तर कारखान्यातून निघाल्यासारखी दिसेल. अडचण एवढीच होती की पंप सरकारी. दिवाळीच्या सुट्टीत तो नथ्थूच्या घरी राहणार होता, त्याच्या आधी मिळणार नव्हता. नथ्थूनंच वडशाहून लाल तेलरंगाचा डबा आणून दिला. एकच डबा दुकानात उरला होता.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मनसाराम सकाळपासून रेगमालाचा घासायचा कागद घेऊन बसला. फौजेचा रंग मोठा चिवट. घासून घासून बोटांची सालं निघाली तरी तो लोखंड सोडेना. शेवटी नुसता खरबरीत झाला, तेवढ्यावर समाधान मानलं. मग त्यानं सगळी फटफटी घासलेटानं पुसली, फडक्यानं कोरडी केली आणि धूळ बसू नये म्हणून जुनं धोतर पांघरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रंग मारायचा, दिवसभर आणि रात्रभर वाळू द्यायचा, आणि भाऊबीजेला पहाटे निघायचं. हिशेब बरोबर होता.

दुसरा दिवस गायगोधनाचा. त्या दिवशी झाडीपट्टीत जनावरांचा थाट असतो. गाईम्हशींना न्हाऊ घालतात, शिंगांना रंग, अंगावर गेरूचे हात. ढिवराच्या घरी गाई कुठल्या? पण गोकुळाच्या सासरी एक जुनी रीत होती. डोंगा, म्हणजे मासे धरायची होडी, हीच आपली गाय, म्हणून गायगोधनाच्या पहाटे घरच्या बाईनं मोहाच्या टोळीच्या, म्हणजे बियांच्या, तेलात हात बुडवायचा आणि डोंग्याच्या तोंडावर तो उमटवायचा. नवरा गेल्यापासून डोंगा नव्हता. तो कुजून कधीच तलावात बसला होता. तेल मात्र गोकुळा दर वर्षी काढायची, हात बुडवायची आणि कोणाला दिसायच्या आत पुसून टाकायची.

त्या पहाटे मनसाराम अंघोळीला तलावावर गेला होता. गुरं राखणाऱ्या गोवाऱ्यांच्या वस्तीतून ढोल ऐकू येत होते. गोकुळा तेलाची वाटी घेऊन अंगणात आली. धोतराखाली फटफटी उभी होती. उद्या ही सून आणायला जाणार. गोकुळानं धोतर उचललं, टाकीवर हात दाबला आणि हळू आवाजात म्हणाली, "घेऊन ये वं माय तिले." मग धोतर होतं तसं टाकलं. तिच्या मनाला वर्षात पहिल्यांदा बरं वाटलं.

मनसाराम आला, नथ्थू पंप घेऊन आला. धोतर काढलं तेव्हा टाकीवर ओलसर चकाकी दिसली. पहाटेचं दव असेल म्हणून मनसारामानं तिच्यावरून कोरडं फडकं एकदा फिरवलं आणि नथ्थूला म्हटलं, चल. रंग टर्पेंटाईननं पातळ केला, पंपात भरला. नथ्थू भिंती फवारून फवारून तयार झालेला माणूस, त्याचा हात कसा झुलत होता. लाल धुकं उठलं, फटफटीवर बसलं, नथ्थूच्या मिशीवर बसलं, तुळशीच्या ओट्यावर बसलं. डबा रिकामा झाला तेव्हा अंगणात एक लालबुंद नवी वस्तू उभी होती. मनसारामाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि टर्पेंटाईननं डोळे चुरचुरतात असं त्यानं नथ्थूला सांगितलं.

दुपारी ऊन आलं तसा टाकीवरचा रंग सरकायला लागला. आधी मध्येच एक हिरवा ठिपका दिसला. मग रंग कडेला जमत गेला, दुधावरची साय बाजूला होते तसा. आणि मनसाराम बघत असतानाच टाकीवर एक तळवा उघडा पडला, मग त्याची पाचही बोटं. सगळ्या लाल फटफटीवर एक हिरवा हात. तोच मळकट हिरवा.

मनसारामानं त्यावर बोट फिरवून पाहिलं, बोटाला तेल लागलं. मग आईला हाक मारली. गोकुळा आली, हात पाहिला आणि तिला सगळं कळलं. तिनं काही लपवलं नाही.

"काऊन केलं वं माय?" मनसारामानं विचारलं.

"डोंग्याले लावत होतो, बाबू. आपल्या घरी आता हेच तं आहे."

तो ओरडला असता तर गोकुळाला बरं वाटलं असतं. तो ओरडला नाही. रिकाम्या डब्याच्या तळाशी बोट फिरवत बसला. डब्यात थेंब नव्हता, दुकानं दिवाळीची बंद होती. नथ्थूनं गेरू कालवून लावून पाहिला, तेलावरून तो ओघळून गेला. घासलेटानं पुसावं तर भोवतालचा लालही निघायला लागला. नथ्थू म्हणाला, चार दिवस थांब. मनसारामाकडे चार दिवस कुठले असायला? संध्याकाळी गोकुळानं चूल पेटवली नाही, आणि चूल का पेटली नाही हे त्यानंही विचारलं नाही.

भाऊबीजेच्या पहाटे तो निघाला. हिरवा हात झाकायला त्यानं टाकीवर फडकं बांधून पाहिलं, पण ओल्या रंगाला फडकं चिकटेल म्हणून सोडलं. गोकुळा भिंतीआडून पाहत होती. वैरागडच्या नदीत पाणी गुडघ्याएवढं होतं, त्यातून फटफटी ढकलत नेली. पुढच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना धान पिकून वाकलेलं होतं. सगळ्या वाटेत त्याच्या डोळ्यांसमोर तो हात होता आणि मनात एकच, काय सांगू तिला? रंग संपला म्हणू? आईनं केलं म्हणू? आईनं केलं म्हटलं तर वर्षापूर्वीचा तो शब्द परत मध्ये येणार. त्याला गिरजाची इतकी आठवण आली की त्यानं वाटेत फटफटी थांबवली, उतरला, तोंड धुतलं आणि परत बसला.

मुखरूच्या अंगणात त्यानं फटफटी उभी केली तेव्हा ओसरीवर ताट मांडलेलं होतं. निरांजन पेटलेलं होतं आणि गिरजा त्याच्याजवळ बसली होती. वर्षात ती वाळली होती. आवाज ऐकून तिनं मान वर केली, लाल रंग पाहिला आणि उठून दोन पावलं पुढं आली. मनसारामाच्या काळजात आशा उठली. तेवढ्यात तिला टाकीवरचा हात दिसला. ती जागच्या जागी थांबली.

"गिरजा, थांब, मी सांगतो," तो म्हणाला. आणि जे सुचलं ते सांगत सुटला. पंप, नथ्थू, तेल, दव, संपलेला डबा. मग मान खाली घालून म्हणाला, "मायचा हात आहे. तुले आनाले पाठवतानी लावला तिनं."

गिरजानं ऐकलं की नाही कळेना. ती वळली आणि ओसरीकडे गेली. मनसारामाला वाटलं, झालं, संपलं. त्यानं हँडल धरलं आणि फटफटी वळवायला लागला. मुखरू म्हातारा खाटेवर बसून होता, त्यानंही जमिनीकडे नजर लावली.

"थांबा जरा," गिरजा मागून म्हणाली.

ती ताट घेऊन आली होती. वाऱ्यानं ज्योत विझू नये म्हणून तिनं पदर आडवा धरला होता. ती फटफटीसमोर उभी राहिली. त्या हिरव्या हाताकडे पाहता पाहता तिच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मनसारामाला सांगता येणार नाही. पण लॉरीच्या फळीवरून वर आलेला तो हात त्याला तेव्हा आठवला, आणि आपण वर्षभर किती आंधळे होतो तेही. गिरजानं हाताच्या मधोमध कुंकू लावलं. निरांजन ओवाळलं. एकदा ओवाळून तिचं भागलं नाही, ती ओवाळतच राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. अक्षता टाकल्या त्या ओल्या लाल रंगाला बोटांभोवती चिकटून बसल्या.

"दुसरा रंग आनाल तं एवढं सोडून द्या," ती म्हणाली. "हे पुसाचं नाई."

मनसारामानं मान हलवली. मुखरूनं खाटेवरून उठून नाक शिंकरलं आणि चहा टाकतो म्हणून आत गेला. त्या घरी दुपारचं जेवण झालं, मासोळीचं नव्हे, भाऊबीजेचं गोडाचं. मग गिरजानं गाठोडं बांधलं आणि फटफटीवर मागं बसली. खड्डा आला की तिचा हात मनसारामाच्या कमरेवरून पुढं यायचा आणि टाकीच्या कडेला टेकायचा. धान तेच होतं, रस्ता तोच होता, आणि मनसाराम शक्य तेवढ्या सावकाश चालवत होता.

दिवे लागायच्या आत ते आरमोरीत पोचले. गोकुळा दारात उभी होती, पुढं यायची तिची हिंमत होत नव्हती. सून उतरताना दिसली तरी तिचे पाय हलेनात. मग तिची नजर टाकीवर गेली. आपल्या हाताच्या मधोमध कुंकू, बोटांभोवती तांदूळ. गोकुळा जवळ आली, त्यातल्या एका दाण्याला तिनं बोट लावून पाहिलं. तो घट्ट बसला होता.

तिनं गिरजाकडे पाहिलं आणि बाजारात ओरडणाऱ्या त्या आवाजात, पण अगदी हळू, विचारलं, "झिंगू आला होता काय वं?"

गिरजानं टाकीवरच्या हाताकडे एकदा पाहिलं.

"हाव माय," ती म्हणाली. "आला होता."

गोकुळानं तिच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि दोघी आत गेल्या.